जाम झालेला स्पार्क प्लग: आटे वाचवून कसा काढायचा

जाम प्लगला हात घालण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. प्लग वाचवायचा नाहीये. तो दोनशे-चारशे रुपयांचा, बाहेर आला की भंगारातच जायचा. वाचवायचे आहेत ते हेडमधले, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातले, आटे. हेड अॅल्युमिनियमचं, आटे त्यातच कापलेले, आणि प्लगचं अंग पोलादाचं. दोघांची झटापट झाली तर हरतं ते अॅल्युमिनियम. आटे गेले की हेड उतरवणं, मशीन शॉप, नवं गॅस्केट असं सगळं मागे लागतं, आणि खर्च काही हजारांत जातो. खाली लिहिलेली प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे. कुठे काय करावं कळेनासं झालं तर स्वतःला एवढंच विचारा, आत्ता मी जे करणार आहे त्याने आटे वाचतील की मरतील?

हा लेख पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे असतो तो ग्लो प्लग. तो बारीक असतो आणि फार कमी जोरात मोडतो, त्याला इथले आकडे लावू नका.

प्लग जाम होतो कशाने

कारण कळलं तर उपाय नेमका करता येतो, म्हणून इथे थोडं थांबू.

आमच्याकडे रत्नागिरीत पहिलं कारण पाणी. आजकालच्या बहुतेक गाड्यांत प्लग एका खोल विहिरीत बसलेला असतो आणि वर कॉईलचं, म्हणजे प्लगला वीज देणाऱ्या भागाचं, रबर बुचासारखं बसतं. रबर जुनं होऊन चिरलं, किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी कुणी प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं, की पाणी विहिरीत उतरतं आणि तिथेच राहतं. पोलाद, अॅल्युमिनियम आणि मधे खारट ओल असं त्रिकूट जमलं की दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो. अॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि आटे चिकटून बसतात. किनारपट्टीच्या गाड्यांत ही भुकटी मी अनेकदा पाहिली आहे.

दुसरं कारण हाताचं. मागच्या वेळी प्लग बसवणाऱ्याने तो अंदाजापेक्षा जास्त आवळला, किंवा गरम इंजिनात बसवला. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे गरम इंजिनात प्लगचं भोक मोठं झालेलं असतं. त्यात आवळून बसवलेला प्लग इंजिन थंड झालं की चिमट्यात सापडल्यासारखा धरला जातो.

तिसरं, कार्बन. प्लगचे शेवटचे एक-दोन आटे कधीकधी ज्वलनकक्षात उघडे राहतात, आणि त्यांवर काजळी जमून दगडासारखी होते. असा प्लग सुरुवातीला छान सैल होतो आणि मग दोन फेऱ्यांनंतर अडकतो. नवशिका इथे हमखास फसतो. त्याला वाटतं, आता तर निघत आला, अजून थोडा जोर लावू.

चौथं कारण नुसता काळ. निकेलचे साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलले जायचे, त्यामुळे आटे अधूनमधून उघडत राहायचे. इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर चालतात. चांगली गोष्ट आहे, पण कमी चालणाऱ्या घरगुती गाडीत लाख किलोमीटर व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि तेवढा काळ त्या आट्यांना कुणी हलवलेलंच नसतं. म्हणून बदलायची वेळ आली नसली तरी दोन-तीन वर्षांनी एकदा प्लग काढून, बघून परत बसवावा असं माझं मत आहे.

दिवस कोणता निवडायचा

हे काम अशा दिवशी काढा की पुढचे दोन दिवस गाडी लागणार नाही. गणपतीला गावी निघायच्या आदल्या रात्री प्लग बदलायला बसू नका. घाई झाली की हात जोर लावतो. शनिवारी संध्याकाळी आट्यांत तेल घालायचं आणि रविवारी सकाळी काढायला घ्यायचा, हा क्रम मला सगळ्यात सोयीचा वाटतो. रविवारी हार्डवेअरचं दुकान बंद असेल तर लागणारं सामान शनिवारीच आणून ठेवा.

सामान

आधी गोटीचं, म्हणजे सॉकेट पान्याचं, माप. जुन्या गाड्यांच्या प्लगला २१ मिमीची गोटी लागते, बऱ्याच अलीकडच्या गाड्यांना १६ची आणि काही नव्या इंजिनांना १४ची. गाडीच्या मॅन्युअलमध्ये प्लगचा नंबर असतो, तो दुकानदाराला दाखवला की माप आणि नवा प्लग दोन्ही बरोबर मिळतात. गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी जाम प्लगवर निसटते आणि षट्कोनाचे कोपरे गोल करते. प्लगच्या खास गोटीत आत रबर किंवा चुंबक असतं. त्याने प्लग धरून वर येतो आणि चिनी मातीचा पांढरा भाग सरळ राहतो.

त्याखेरीज लागतात: गोटीला जोडायचं लांब एक्स्टेन्शन, रॅचेट (गोटी एकाच दिशेने फिरवणारा दांडा), दोन्ही बाजूंनी धरता येईल असा टी-दांडा, पेनिट्रेटिंग ऑइल, कार्ब्युरेटर क्लीनर, टायरमध्ये हवा भरायचा पंप, टॉर्च, डोळ्यांना चष्मा, चिंध्या, आणि हातभर रबरी नळीचा तुकडा. नळीचं काम शेवटी आहे. टॉर्क रेंच, म्हणजे फिरवण्याचा जोर मोजून आवळणारा पाना, असेल तर फारच उत्तम. महाग वाटत असेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या, रोज लागणारी वस्तू नाही ती.

डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा निळा-पिवळा डबा घरात असतोच, आणि काही नसेल तर तो चालेल. पण खास गंज सोडवण्यासाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल आट्यांत जास्त खोल उतरतं. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी तेच आणा.

स्कूटरच्या काळातला, डिकीत पडून असलेला पत्र्याचा प्लग पाना वापरू नका. बजाज चेतकवाल्या प्रत्येक घरात तो असायचा, आणि प्लग काढून पॉलिश पेपरने घासून परत बसवणं हे मोठ्या माणसांच्या हातचं रोजचं काम होतं. स्कूटरचा प्लग डोळ्यांसमोर उघडा असतो, पाना तिरपा गेला तर लगेच दिसतं. गाडीच्या विहिरीत खाली काय होतंय ते दिसत नाही, आणि जोर आला की पत्र्याचा पाना फाकतो.

शनिवार संध्याकाळ

इंजिन थंड हवं. बॉनेट उघडून हेडवर तळहात ठेवा, कोमट लागलं तरी अजून थांबा. किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कॉईल प्लगपर्यंत हजारो व्होल्ट पोचवते, तिच्याशी सलगी नको. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करा.

मग कॉईल काढायची. आधी कनेक्टरची खिट्टी दाबून तो ओढा. दहा वर्षांच्या गाडीत हे प्लास्टिक उन्हा-उष्णतेने कडक झालेलं असतं, बोटाने हळू दाबा, पेचकसने उचकटू नका. नंतर कॉईलचा बोल्ट काढा. त्याला बहुधा १० मिमीचा पाना लागतो. कॉईल सरळ ओढली आणि आली नाही तर आधी डावी-उजवीकडे थोडी पिळा, म्हणजे रबर प्लगपासून सुटेल, मग वर घ्या. मारुती ८००सारख्या जुन्या गाडीत प्लगवर कॉईलऐवजी एचटी वायरी (प्लगपर्यंत वीज आणणाऱ्या जाड वायरी) असतात. तिथे वायर धरून ओढायचं नाही, टोपी धरून ओढायचं, आणि कोणती वायर कुठली ते चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं. वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन झटके देतं, नाहीतर सुरूच होत नाही.

आता विहिरीत टॉर्च मारून बघा. तळाशी धूळ, वाळू, कधी वाळलेलं पान असतं. हे सगळं प्लग हलवण्याआधी बाहेर आलं पाहिजे, कारण प्लग निघाला की ते थेट सिलिंडरमध्ये पडेल. चष्मा लावा आणि पंपाची हवा मारा. विहिरीत पाणी दिसलं तर जाम होण्याचं कारण सापडलंच. इंजिन ऑइल दिसलं तर विहिरीचं सील गेलेलं आहे, तेही बदलावं लागेल. ऑइल आणि पाणी चिंधी गुंडाळलेल्या काडीने टिपून घ्या.

तळ स्वच्छ झाला की पेनिट्रेटिंग ऑइल घाला. भरून टाकू नका, प्लगच्या षट्कोनाखाली जिथे तो हेडला टेकतो तिथे नळीने आठ-दहा थेंब सोडा. अर्ध्या तासाने परत थोडे, झोपण्यापूर्वी परत थोडे. मधेमधे एक्स्टेन्शन आणि गोटी प्लगवर बसवून वरून छोट्या हातोडीने हलक्या हाताने दहा-बारा टिचक्या द्या. दाराची कडी वाजवतो तेवढाच जोर. त्या कंपनाने तेल आट्यांत उतरतं. तिरपा ठोका देऊ नका, चिनी माती तडकते. रात्रभर वर स्वच्छ फडकं टाकून ठेवा.

रविवार सकाळ: पहिली हालचाल

गोटी प्लगवर पूर्ण खाली बसली आहे ना ते बघा. अर्धवट बसलेली गोटी म्हणजे गोल झालेला षट्कोन. रबरामुळे ती शेवटच्या थोड्या अंतरात दाबून बसवावी लागते.

एक्स्टेन्शन विहिरीच्या मधोमध सरळ उभं हवं. पहिल्या हालचालीसाठी मी रॅचेट वापरत नाही. रॅचेट एकाच बाजूला ओढतं आणि वरचं टोक कलतं. टी-दांडा दोन्ही हातांनी धरला, एक हात ओढतोय आणि दुसरा ढकलतोय, असा जोर दिला तर एक्स्टेन्शन आपोआप सरळ राहतं. सगळा जोर फिरवण्यात जातो, वाकवण्यात जात नाही. जागाच नसेल आणि एका बाजूचा दांडा वापरावाच लागला, तर दुसऱ्या हाताचा तळवा एक्स्टेन्शनच्या डोक्यावर ठेवून ते उभं धरा.

सैल करण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट. जोर हळूहळू वाढवत न्या आणि वाढलेला जोर पाच-सहा सेकंद तसाच धरून ठेवा. झटके देऊ नका. पाइप घालून दांडा लांबवू नका. किती जोर पुरे याचा अंदाज हवा म्हणून सांगतो: १४ मिमी व्यासाच्या आट्यांचा वॉशरवाला प्लग बसवताना अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क देतात. ४५ सेंमी लांबीच्या दांड्याच्या टोकाला दहा किलोची पिशवी उचलण्याइतका जोर लावलात तर तो जवळजवळ ४५ न्यूटन-मीटर होतो. म्हणजे बसवतानाच्या दीडपट. दुपटीच्या आसपास जाऊनही प्लग हलत नसेल तर मी थांबतो, परत तेल घालतो आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे जात नाही.

प्लग सुटतो तेव्हा दोनपैकी एक होतं. कट्कन कोरडा आवाज येतो आणि दांडा एकदम हलका होतो. हे शुभ. वॉशरची पकड सुटली, आटे मोकळे आहेत. किंवा दांडा चिवटपणे, चिकट गूळ ताणल्यासारखा फिरतो आणि करकर वाजतो. हे अशुभ. आटे एकमेकांना चावतायत. पोलाद अॅल्युमिनियमचा पापुद्रा सोलतंय, तो पापुद्रा पुढच्या आट्यात पाचरीसारखा अडकतोय, आणि तुम्ही जितके पुढे फिरवाल तितकी पाचर मोठी होणार.

मागे-पुढे, मागे-पुढे

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, तेव्हा कृपया दोनदा वाचा.

प्लग हलला की तो काढायच्या मागे लागू नका. पाव फेरी सैल केली की थांबा. दोन-चार थेंब तेल सोडा, पाच मिनिटं जाऊ द्या, आणि मग प्लग परत आत घ्या, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, जिथून निघालात तिथपर्यंत. मग परत बाहेर, या वेळी पाव फेरीपेक्षा थोडं जास्त. परत आत. आत जाताना आट्यांतली घाण मागच्या मोकळ्या जागेत सरकते आणि तेल सगळीकडे पसरतं. बाहेर येताना हात जड झाला की त्या क्षणी दिशा बदलायची. करकर वाढली तर पुढे जायचंच नाही.

आमच्या तीन सिलिंडरच्या गाडीचे दोन प्लग चहा निवायच्या आत निघाले. तिसरा आधी कुठल्याशा गॅरेजमध्ये बेताल आवळला गेला होता आणि वर पावसाळ्याचं पाणी. पहिला कट् आवाज आला, मी निश्चिंत झालो, आणि अर्ध्या फेरीवर करकर सुरू झाली. पाना हातात कंप पावत होता, तो कंप मनगटापर्यंत जाणवत होता. मी परत आत घेतला, तेल घातलं. पुढचे दोन तास पाव फेरी बाहेर, पाव फेरी आत. साधारण चौथ्या फेरीला करकर मऊ झाली आणि फिस्स असा ओला आवाज येऊ लागला. तेल आट्यांत पोचल्याची ती खूण. तिथून पुढे तो बोटांनी निघाला. बाहेर काढला तेव्हा खालच्या चार आट्यांत पांढरी भुकटी तेलात भिजून पेस्ट झालेली होती. घाई केली असती तर त्या पेस्टच्या जागी अॅल्युमिनियमची सोललेली तार दिसली असती.

फेऱ्या मोजा. १९ मिमी लांबीच्या आट्यांचा प्लग असेल आणि एका फेरीला १.२५ मिमी पुढे सरकत असेल, तर तो पूर्ण निघायला साधारण पंधरा फेऱ्या लागतात. मोजत राहिलात तर कुठे अडकतोय त्यावरून कारण कळतं. पहिल्या फेरीत जड असेल तर वरचा गंज किंवा आवळलेला वॉशर. मोकळा होऊन दोन-तीन फेऱ्यांनी जड झाला तर खालच्या आट्यांवरचा कार्बन. अशा वेळी पेनिट्रेटिंग ऑइलपेक्षा कार्ब्युरेटर क्लीनर कामाला येतो, कारण तो काजळी मऊ करतो. थोडा सोडा, प्लग आत-बाहेर करून आट्यांत खेळवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. क्लीनर पटकन पेट घेतो, जवळ देवघरातली समई, अगरबत्ती, सिगारेट काहीही नको आणि गॅरेजचं शटर उघडं हवं.

कार्बनने अडकलेला प्लग किती त्रास देतो याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. फोर्डच्या एफ-१५० ट्रकमधल्या ५.४ लिटर तीन-व्हॉल्व्ह ट्रायटन इंजिनात प्लगचं खालचं लांब नळकांडं काजळीने चिकटून तुटायचं आणि हेडमध्येच राहायचं. फोर्डने मेकॅनिकांना दिलेल्या सूचनांतही हेच होतं: थोडा सैल करा, क्लीनर घाला, थांबा, मागे-पुढे करत काढा. तिकडे जुना ट्रक घेतलेल्या मराठी मंडळींनी प्लगला हात लावण्यापूर्वी आपलं इंजिन त्यातलं आहे का ते जरूर तपासावं.

तरीही हलत नसेल

दोन रात्री तेल मुरवूनही ढिम्म असेल तर उष्णतेची मदत घेता येते, पण बेताने. विहिरीतलं तेल आणि क्लीनर नीट टिपून, हवा मारून कोरडं करा. कॉईल, कनेक्टर, बॅटरी परत लावा आणि इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा. हेड हाताला सोसेल इतकं कोमट हवं, चटका बसेल इतकं गरम नको. अॅल्युमिनियम जास्त फुगतं, म्हणून कोमट हेडमधलं भोक प्लगपेक्षा किंचित जास्त सैलावतं आणि पकड सुटू शकते. तापलेल्या हेडमध्ये मात्र अॅल्युमिनियम मऊ पडतं आणि आटे सोलले जातात. पकड सुटली की पूर्ण थंड होऊ द्या आणि मग मागे-पुढेची पद्धत.

एक धोक्याची सूचना. प्लग थोडा जरी सैल केला असेल तर तो परत आवळल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. ज्वलनाच्या दाबाने अर्धवट आट्यांवरचा प्लग उडून येतो आणि येताना आटे घेऊन येतो.

गॅसची ज्योत, हीट गन, इम्पॅक्ट गन (ठोके देत फिरवणारं यंत्र) यांतलं काहीही नको. आजूबाजूला पेट्रोलचे पाइप आणि वायरिंग असतं. आणि इम्पॅक्ट गन तर हाताला काही कळूच देत नाही, आणि इथे हाताला कळणं हेच सगळं आहे.

मोडला तर

पांढरी चिनी माती तुटली आणि पोलादी षट्कोन शाबूत असेल तर घाबरू नका. तुकडे व्हॅक्यूमने आणि लांब चिमट्याने एकूणएक काढा, विहिरीत एक कण राहता कामा नये, कारण ती माती सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडते. मग सहा कोनांची साधी खोल गोटी घालून आधीच्याच पद्धतीने काढा.

षट्कोनच तुटून आटे आत राहिले तर मात्र थांबा. उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर बाजारात मिळतात, पण ते सरळ धरणं आणि कीस आत जाऊ न देणं यासाठी सवयीचा हात लागतो. हे काम मशीन शॉपवाल्याला द्या, गाडी टो करून न्या. तिथे आटे गेलेलेच निघाले तर भोक मोठं करून त्यात हेलिकॉईल (तारेची आट्यांसारखी गुंडाळी) किंवा पोलादी बुश बसवतात. नीट बसवलेला बुश वर्षानुवर्षं टिकतो. हे काम नेमकं कुणाकडे चांगलं होतं ते गावातल्या दोन-तीन जुन्या मेकॅनिकांना विचारा, एकाच दुकानाचं नाव दोघांनी घेतलं तर तिकडे जा.

निघाल्यावर

प्लग सिलिंडरच्या क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा गाडी सतत कमी अंतर चालते, तेलाने ओलं काळं म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये येतंय, पांढरं फटक म्हणजे प्लग जास्त तापतोय. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर तो सिलिंडर मेकॅनिकला दाखवा.

प्रत्येक भोकावर स्वच्छ फडकं टाका. कधी नट, कधी वॉशर हातातून सुटतो आणि नेमका तिथेच जातो.

आता आटे. टॉर्चने बघा, चमकदार आणि सलग दिसले पाहिजेत. घाण असेल तर आटे साफ करायचा थ्रेड चेसर मिळतो, त्याच्या खाचांत ग्रीस भरून हाताने, फक्त बोटांच्या जोरावर आत-बाहेर करा. ग्रीसला भुकटी चिकटून वर येते. आटे कापायचा टॅप वापरू नका, तो चांगलं अॅल्युमिनियमही खरवडून नेतो. सिलिंडरमध्ये काही पडलं असेल अशी शंका असेल तर बारीक नळी लावून व्हॅक्यूमने ओढून घ्या.

नवा प्लग बसवताना

पुढच्या वेळी जाम होणार की नाही ते इथे ठरतं. इंजिन थंडच हवं. नव्या प्लगचा नंबर खोक्यावर नाही, प्लगवर वाचा, आणि आट्यांची लांबी जुन्याशेजारी धरून ताडून पाहा. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाकडची फट, मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. इरिडियमचं बारीक टोक मात्र वाकवू नका, त्याला गेज जपूनच लावा.

रबरी नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर खोचा आणि नळीनेच प्लग विहिरीत उतरवून फिरवा. आधी अर्धी फेरी उलट फिरवलीत तर आटा आट्यात पडल्याचा हलका टक् कळतो. मग सुलट. नळीत ताकद नसते, म्हणून आटे तिरपे पडले तर ती निसटते आणि फिरणं थांबतं. पाना तुम्हाला हे सांगणार नाही, तो तिरप्या आट्यांतही प्लग घुसवेल. पंधरापैकी बारा-तेरा फेऱ्या नळीने झाल्याशिवाय मी गोटी हातात घेत नाही.

शेवटचा आवळ टॉर्क रेंचने. १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, आणि मॅन्युअल काही वेगळं म्हणत असेल तर मॅन्युअल खरं. टॉर्क रेंच नसेल तर बोटांनी पूर्ण बसल्यावर १४ मिमीच्या नव्या वॉशरवाल्या प्लगला अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी द्या. वॉशर चेपताना हाताला कळतं. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा एक-बारांश फेरी, म्हणजे घड्याळात एक तास, एवढीच पुरे. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक-सोळांश.

आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारं, ग्रीस लावावं की नाही, यावर गॅरेजांत कायम वाद असतो. एनजीकेसारखे उत्पादक त्यांच्या मुलामा दिलेल्या प्लगांना ते लावू नका म्हणतात, कारण आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग कितीतरी जास्त आवळला जातो. मी लावत नाही. आटे कोरडे, स्वच्छ, आवळ मोजून, आणि विहिरीत पाणी जाणार नाही एवढी काळजी. समुद्राजवळची खूप जुनी गाडी असेल आणि लावायचंच ठरवलं तर अगदी पुसट लावा, टोकाकडचे पहिले दोन आटे कोरडे ठेवा आणि टॉर्क तीस टक्क्यांनी कमी करा.

विहिरीत राहिलेलं तेल पुसून काढा, ते कॉईलच्या रबराला फुगवतं. रबराच्या आतल्या काठाला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाने फिरवा. पुढच्या वेळी कॉईल सहज निघते आणि ओलही अडते. रबर चिरलं असेल तर आत्ताच बदला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तीच कथा.

कॉईल बसवा, बोल्ट हलक्या हाताने आवळा, कनेक्टर टिक् वाजेपर्यंत दाबा, बॅटरी जोडा, सीएनजीचा व्हॉल्व्ह उघडा. इंजिन सुरू झालं की पहिल्या मिनिटात थोडा निळसर धूर येईल, तो आत गेलेल्या तेलाचा. तो विरला पाहिजे. इंजिन थरथरत असेल तर बहुतेक एखादा कनेक्टर नीट बसलेला नाही. प्लगजवळून फुस्-फुस् आवाज आला तर बंद करा, थंड होऊ द्या आणि तो प्लग पुन्हा तपासा.

बॉनेटच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, प्लगचा नंबर, किती टॉर्क दिला. आणि पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला गाडी दिलीत की काउंटरवर स्पष्ट सांगा, इंजिन पाण्याने धुवायचं नाही.